पंचवीसपैकी अठरा

माणसानं माणसाला मोजू नये, ते काम काळावर सोपवावं, असं माझं आयुष्यभराचं ठाम मत आहे. हे मत मी निवृत्तीनंतर बनवलं. त्याआधी पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यात मी हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहीत असे. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते.

म्हणूनच फिनलंडमधल्या त्या लाकडी घराच्या पायरीवर कॉफीचा कप धरून बसलेलो असताना मला जे दिसलं, ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

"शैला," मी बायकोला हळूच म्हणालो, "तो लिहितोय."

"कोण?"

"ओलावी. वळून बघू नकोस."

ती वळून बघू लागली. दाराच्या आत, खिळ्याला टांगलेली एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि तिला दोरीनं बांधलेली पेन्सिल. सत्तरीकडे झुकलेला, लांब हातांचा ओलावी वहीसमोर उभा होता. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि लिहिलं. मग वही परत खिळ्याला लावली.

"लिहीत असेल काहीतरी," शैला म्हणाली. "दुधाचा खाडा."

"इथे दूधवाला येतो का? आधी माणसाकडे बघायचं, मग आभाळाकडे बघायचं, मग लिहायचं. मी एकोणतीस वर्षं हेच केलंय. आभाळाकडे विशेषण शोधायला बघतात."

ही दोन हजार आठची गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी ऋजुता हेलसिंकीत नोकरीला होती आणि तुओमास नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. ओलावी हा तुओमासचा बाप. स्टेशनवर आम्हाला घ्यायला आली तेव्हाच तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, दहा दिवस तळ्यावरच्या घरी राहा. माणसं बघा. जायच्या आधी हो की नाही ते सांगा. हो म्हणालात तर नाशकात सगळ्यांसमोर लग्न. नाही म्हणालात तर इथे ऑफिसात दोन सह्या करीन, तुम्हाला न बोलावता. आणि मग मी नाशकाला कशाला येईन, ते मला माहीत नाही."

म्हणजे माणसं बघायला आम्ही आलो होतो. आणि इथे आमच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी वही उघडली होती.

घर फार छान होतं, हे मान्य करायला हवं. तीन बाजूंना सूचिपर्णी झाडं, चौथीला तळं. तळ्यात एक लाकडी धक्का, त्याला बांधलेली होडी. सूर्य मावळायचं नाव घेत नसे. शेजारी कुणी दिसत नसे. दुसऱ्याचं घर दिसू लागलं तर ती जागा इथे वाईट समजतात, असं तुओमासनं कौतुकानं सांगितलं. मी नाशकात ज्या सोसायटीत राहतो तिथे शेजारच्यांची शिंक आम्हाला ऐकू येते आणि आम्ही भिंतीतून आशीर्वाद देतो. जिथे कुणाला कुणी बघत नाही, तिथे काय काय चालत असेल?

ओलावी बोलत नसे. अगदीच नाही असं नाही. तो "यो" म्हणे. कॉफी हवी का, यो. थंडी आहे का, यो. त्याच्या बायकोचं निधन सहा वर्षांपूर्वी झालं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ऋजुता त्याला सरळ "ओलावी" अशी हाक मारी. होणाऱ्या सासऱ्याला! आणि तो ओ देई, म्हणजे "यो" म्हणे.

रोज सकाळी तो धक्क्याच्या टोकाला जाऊन एक दोरी पाण्यातून वर ओढायचा, टोकाकडे निरखून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. गळ असावा, असं मी समजलो. रोज रिकामा वर यायचा, पण माणूस निराश होत नसे. त्या चिकाटीला मी मनात चांगला शेरा दिला. मग होडी घेऊन तो जाळं बघायला जाई आणि मासे आणी. आम्ही खात नाही म्हटल्यावर त्यानं आमच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं, आणि दुपारच्या कॉफीनंतर वहीत लिहिलं.

मी ऋजुताला आडून विचारलं, "हे काय लिहितात गं रोज?"

"रोजचं लिहितात, बाबा. इथे तळ्यावर सगळेच लिहितात."

"सगळेच?"

"हो. पद्धत आहे." आणि ती कांदा चिरत राहिली.

सगळेच लिहितात! मी सरळ पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, हे आज कुणीही म्हणेल. पण विचारल्यावर मिळते ती माहिती, आणि आमच्या खात्यात माहितीवर कधी कुणी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सॉना झाला. वाफेच्या त्या खोलीत पुरुषांनी कपड्यांशिवाय बसायचं असतं. मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून गेलो. होणाऱ्या व्याह्यासमोर जन्माला आलो तसं बसायला मी काही महाकुंभाला आलेलो नव्हतो. ओलावीनं दगडांवर पाणी ओतलं, अंगावर मारून घ्यायला बर्चच्या झाडाच्या पानांची जुडी माझ्या हातात दिली आणि अर्धा तास काहीही बोलला नाही. बाहेर आल्यावर बाप-लेक जोडीनं तळ्यात उतरले आणि ओलावीनं मला हातानं बोलावलं. मी अंगठा बुडवला, अंगठ्यानं नकार दिला.

तो वर आला आणि ओल्या हातानं वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तुओमास ओलावीला आणि ऋजुताला घेऊन गावात किराणा आणायला गेला. शैला आणि मी मागे राहिलो. गाडी झाडांत दिसेनाशी झाल्यावर मी वही काढली.

"अहो, दुसऱ्याची वही!"

"आपल्यावरची आहे. म्हणजे आपलीच."

भाषा कळायचा प्रश्न नव्हता. पण आकडे कुठल्याही देशात आकडेच असतात. प्रत्येक ओळीत तारीख, मग एक आकडा, मग एकदोन शब्द, शेवटी पुन्हा एक आकडा. आम्ही आलो त्या तारखेपुढे सोळा. सॉनाच्या तारखेपुढे पंधरा.

मी वही शैलापुढे धरली. "मार्क."

तिनं चष्मा लावला. "कितीपैकी?"

"वीसपैकी असणार. आल्या दिवशी सोळा, म्हणजे ऐंशी टक्के. काल एक कापला."

"कशाचा?"

मी सॉनाच्या तारखेवर बोट ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तरी मी म्हणत होते, ती चड्डी आणू नका."

"आणि हा शेवटचा आकडा बघ. दोन, तीन. या चुका."

"काल तीन कुठल्या?"

"बनियन धरून तीन."

त्या दिवसापासून आमची सुट्टी संपली आणि परीक्षा सुरू झाली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी भांडी घासू लागलो. लाकडं फोडायला गेलो, एक फुटलं. शैलानं व्हरांड्यातल्या लांबलचक चिंध्यांच्या सतरंज्या धक्क्यावर नेऊन घासल्या, तेव्हा ओलावी स्वतः ब्रश घेऊन तिच्या शेजारी बसला आणि दोघांनी न बोलता चार सतरंज्या धुतल्या. पाचव्या दिवशी सतरा मिळाले. ऊन लख्ख पडलं होतं. शैला मला म्हणाली, "मी तुमच्यापेक्षा जास्त मिळवून देते," आणि संध्याकाळभर गुणगुणत होती.

सातव्या दिवशी पाऊस लागला. थंडीनं कुडकुडत बसलेल्या त्या माणसांना शैलानं गरम वरण-भात करून घालायचं ठरवलं. हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी पडली, आणि ओलावी खोकत जो पावसात गेला तो वीस मिनिटांनी आला. पण वरण दोनदा घेतलं. आम्ही डोळे मिटून वाट पाहिली.

पंधरा.

"फोडणी कुणी सांगितली होती?" मी खोलीत विचारलं.

"दोनदा घेतलं त्यांनी!"

"घेतलं तोंडावर. लिहिलं मागून. मीही तसंच करायचो. आमच्या एका शिपायाचा चहा मी रोज प्यायचो आणि अहवालात 'सरळमार्गी' लिहायचो."

"सरळमार्गी म्हणजे चांगलंच ना?"

"बढती न देण्याचं कारण म्हणून लिहितात."

तिनं उशी सरळ केली. मग म्हणाली, "अहो, पण हे मार्क आपल्याला आहेत की ऋजुताला?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि सुचला नव्हता म्हणूनच तो लागला. दहावीला एक्क्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी. बापाच्या चड्डीपायी आणि आईच्या फोडणीपायी तिला कुणी पंधरा देत होतं, आणि ती त्याच घरात कांदा चिरत होती.

आठव्या दिवशी मी मागची पानं उघडली. आणखी कोण कोण इथे बसून गेलं होतं, त्यांना किती मिळाले होते, हे बघायला. वर्षानुवर्षांची पानं. अठरा, एकोणीस, बावीस. बावीस? मी खुर्चीत बसलो. आणखी मागे गेलो. सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका दिवशी चोवीस होते. आणि शेवटच्या रकान्यात आकडाच नव्हता, नुसती आडवी रेघ. म्हणजे एकही चूक नाही.

"शैला, वीसपैकी नाही. पंचवीसपैकी आहे."

तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पंधरा म्हणजे साठ टक्के?"

"जेमतेम फर्स्ट क्लास."

"आणि चोवीस कुणाला?"

"कुणीतरी असेल," मी म्हणालो. "त्यांच्यातलीच एखादी. मासे खाणारी." रात्रभर, म्हणजे जिला तिकडे रात्र म्हणतात त्या उजेडात, मी त्या चोवीसवाल्या बाईचा द्वेष करत पडून राहिलो.

दहावा दिवस त्यांच्या मोठ्या सणाचा होता, मध्य-उन्हाळ्याचा. ओलावीनं दोन कोवळे बर्च तोडून आणले आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभे केले. आपल्याकडे मांडवाला केळीचे खुंट बांधतात तसे. एरवी मला ते आवडलं असतं. दुपारी ऋजुता मला धक्क्यावर घेऊन गेली. तुओमास काठावर संध्याकाळच्या होळीची लाकडं रचत होता. शैला पायरीवर बसून आमच्याकडेच बघत होती.

"बाबा, उद्या निघायचंय तुम्हाला."

"हं."

"मग?"

"मुलगा चांगला आहे," मी म्हणालो.

"पण?"

"घर मला पसंत नाही."

"एवढं सुंदर घर!"

"घर म्हणजे भिंती नव्हे. माणसाचा बाप बघावा. जो माणूस तोंडावर 'यो' म्हणतो आणि मागे—" माझा आवाज चढला. "ऋजुता, तुला साठ टक्क्यांची सून म्हणून मी या घरात देणार नाही! माझं उत्तर नाही."

"साठ टक्के? कसले साठ टक्के?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी एक पाऊल मागे झालो. धक्का तिथे संपत होता.

मला पोहता येत नाही. एकोणतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली, पण तशी अट नव्हती. पाणी छातीपर्यंतच होतं असं नंतर सगळे सांगतात. मला तळ लागला नाही हेही तितकंच खरं. श्वास आत गेला तो बाहेर येईना. मग काखेत दोन लांब हात आले. ओलावी बुटांसकट उतरला होता. त्यानं मला पोतं टेकवावं तसं धक्क्यावर टेकवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, धीर द्यावा तसा खांद्यावर हात ठेवला आणि दहा दिवसांत प्रथमच मला समजेल असा शब्द उच्चारला.

"एटीन."

माझे दात वाजत होते. "पडल्याचे अठरा?" मी मराठीत ओरडलो. "भांडी घासली तेव्हा सतरा, आणि पडल्याचे अठरा?"

"बाबा, कसले अठरा?"

"मार्क! वहीतले!"

"पंचवीसपैकी," पायरीवरून धावत आलेल्या शैलानं खुलासा केला.

ऋजुता आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघत राहिली. तिला हसू फुटलं, आणि फुटता फुटता थांबलं. ती घरात गेली, खिळ्यावरची वही घेऊन आली आणि ओल्या फळ्यांवर माझ्यासमोर बसली.

"नीट ऐका. अकरा जून. पाणी सोळा. वारा उत्तरेचा. मासे दोन. बारा जून. पाणी पंधरा. ढगाळ. मासे तीन." तिनं धक्क्याच्या टोकाची दोरी ओढली. टोकाला लाकडी खोबणीत बसवलेलं थर्मामीटर होतं. "तळ्याचं तापमान आहे, बाबा. अंश. पंधरा जून, पाणी सतरा—"

"त्या दिवशी सतरंज्या धुतल्या," शैला म्हणाली. "त्याचं काही?"

"नाही."

"फोडणीचं?"

"सतरा जून. पाणी पंधरा. पाऊस. मासे एक."

"आमचं काहीच नाही?" मी विचारलं. "दहा दिवसांत?"

"काहीच नाही."

याला काय म्हणावं? आमच्याकडेही धरणाची पातळी रोज सकाळी आठ वाजता नोंदवायचा नियम होता, आणि ती नोंदवली जाई. पण त्यासाठी पाण्यापर्यंत जायची प्रथा नव्हती. आठवड्याची सोमवारीच लिहून ठेवत. पाण्याबद्दल लिहायचं म्हणून रोज पाण्यापाशी जाणारा माणूस असू शकेल, ही शंका सोडून मला बाकी सगळ्या शंका आल्या होत्या.

"पण हे पाणी अठरा अंश नाही," मी थरथरत म्हणालो. "अठरा इतकं गार नसतं."

"बाबा, तीस वर्षांची वही आहे ती!" ऋजुता म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, लिहिलेलं ते खरं?"

तुओमास ब्लँकेट घेऊन आला होता. तोही म्हणाला, "काका, अठरा खरंच छान असतं." सगळ्यांनी माझ्याकडे नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

मी वही हातात घेतली आणि सहा वर्षांपूर्वीचं ते पान काढलं. "आणि ही चोवीसवाली कोण?"

ऋजुतानं पान पाहिलं. लगेच वाचलं नाही. एकदा ओलावीकडे पाहिलं. तो काठावर बसून बुटातलं पाणी ओतत होता.

"आठ ऑगस्ट," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी चोवीस. वारा नाही. हेलेना सकाळी गेली." हेलेना म्हणजे तुओमासची आई. ऋजुतानं बोट शेवटच्या रेघेवर ठेवलं. "जाळं बघितलं नाही."

"एवढंच?" शैलानं विचारलं.

"एवढंच. पुढची ओळ नऊ ऑगस्टची आहे. पाणी तेवीस."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. त्या देशात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ओलावी उठला, माझ्याजवळ आला आणि सॉनाकडे बोट दाखवलं. मी गेलो. या वेळी बनियन आणि चड्डी बाहेर खिळ्याला टांगली. ती ओलीच होती, त्यामुळे यात तत्त्वाचा प्रश्न नव्हता. तो दगडांवर पाणी ओतत राहिला. माझे दात वाजायचे थांबेपर्यंत बसला, आणि त्यानंतरही बसला. होळी पेटली तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन तसंच होतं.

कपडे घालून तो वहीपाशी गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि लिहिलं. मी ऋजुताला खूण केली.

"वीस जून," तिनं वाचलं. "पाणी अठरा. वारा पश्चिमेचा. ऋजुताचे वडील तळ्यात."

शेवटच्या रकान्यात आडवी रेघ होती.

मी ती पुरेशी बघून घेतली. मग म्हणालो, "नाशकात डिसेंबरात हॉल मिळणं अवघड असतं. आत्ताच सांगून ठेवावं लागेल."

ऋजुतानं वही परत खिळ्याला लावली. शैला म्हणाली, "आणि आता मेहेरबानी करून नव्या चड्ड्या घ्या."

लग्न डिसेंबरात झालं. ओलावी आला, चार दिवसांत तीन वाक्यं बोलला, आणि त्यातलं एक शैलाच्या वरणाबद्दल होतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या घरी होतो. ओलावी आता शहाऐंशीचा आहे, काठी टेकत धक्क्याच्या टोकाला जातो, दोरी ओढतो, वाचतो, लिहितो. तुओमासनं दुकानातून नवं थर्मामीटर आणलं होतं, आकडे मोठे असलेलं. ते जुन्याच्या शेजारी बांधायचं काम माझ्याकडे आलं. बांधण्याआधी मी दोन्ही थर्मामीटरं बर्फ घातलेल्या पाण्याच्या भांड्यात ठेवली. ते शून्य असतं, एवढं आमच्या खात्यातही शिकवतात. नव्यानं शून्य दाखवलं. जुन्यानं तीन.

मी ते पुन्हा करून पाहिलं. मग जुनं होतं तिथे दोरीला बांधलं, नवं कपाटात ठेवलं आणि तुओमासला सांगितलं की नवं खराब निघालं.

मी पडलो त्या दिवशी पाणी पंधरा होतं.